शेळीच्या दुधाचं लोशन इसबावर चालतं का? बाटली उलटी करून वाचल्यावर

आधी निकाल, मग कारणं. इसबाने चिरलेल्या, लस येणाऱ्या किंवा खाजवून सोललेल्या कातडीवर शेळीच्या दुधाचं लोशन लावू नये. कातडी नुसतीच कोरडी आहे, कुठे भेग नाही, दुधाची अॅलर्जी नाही, तर लावल्याने बिघडत नाही. पण मग जो फायदा होतो तो दुधाचा नसतो, आणि तेवढाच फायदा बिनवासाच्या साध्या बाटलीनेही होतो. पाचपैकी गुण द्यायचे तर कोरड्या पोटऱ्यांसाठी तीन, इसबासाठी एक.

सोलापुरात हे लोशन घरात येतं ते तीन वाटांनी. ऑनलाइन मागवलेली पंपाची बाटली, मेडिकलच्या काउंटरवर बाळांच्या नावाने ठेवलेली ट्यूब, आणि प्रदर्शनात किंवा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या, स्टॉलवर मिळणारी घरगुती बरणी. बरणीवर ‘उस्मानाबादी शेळीच्या दुधाचं’ असं लिहिलं असलं की हात आपोआप पुढे जातो, कारण ही जात धाराशिव, लातूर, सोलापूर याच पट्ट्यातली. ती पाळतात मुख्यतः मटणासाठी, दूध बेताचंच. असो. शेळी कुठल्या जातीची यावरून लोशनचा गुण ठरत नाही. तो ठरतो दुधाखेरीज बाटलीत काय आहे यावर.

म्हणून बाटली उलटी करा. घटकांची अक्षरं फार बारीक असतात, मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. यादी साधारण अशी दिसते: पाणी, ग्लिसरिन, सेटिअरिल अल्कोहोल, खनिज तेल किंवा शिया बटर, ग्लिसरिल स्टिअरेट, डायमेथिकोन, फेनॉक्सिइथेनॉल, गोट मिल्क पावडर, झँथन गम, परफ्यूम. क्रम उतरता असतो, जे जास्त ते आधी. एक टक्क्याच्या खालचे घटक मात्र कसेही मागेपुढे लिहिलेले चालतात. आता ‘फेनॉक्सिइथेनॉल’ कुठे आहे ते शोधा. लोशन नासू नये म्हणून घातलेलं हे रसायन एक टक्क्याच्या वर घालत नाहीत. म्हणजे यादीत ते जिथे येतं तिथे एक टक्क्याची रेघ समजा. ‘गोट मिल्क’ किंवा ‘कॅप्री लॅक’ हे शब्द त्या रेघेच्या खाली असतील तर दूध एक टक्का किंवा त्याहून कमी.

२०० ग्रॅमच्या बाटलीत एक टक्का म्हणजे २ ग्रॅम पावडर. शेळीच्या दुधात घन भाग १२-१३ टक्के असतो, तेव्हा ही पावडर पाण्यात कालवली तर १६ मिलीच्या आसपास दूध होईल. एका कटिंगला लागतं तेवढं.

काही बाटल्यांत दूध वरच्या नंबरावर असतं. तिथेही हिशेब करून बघा. समजा १० टक्के ताजं दूध घातलं, तर २०० ग्रॅममध्ये २० ग्रॅम दूध, त्यात स्निग्धांश ४ टक्के धरला तर अख्ख्या बाटलीत दुधाचं तूप पाऊण ग्रॅमच्या जरा वर. त्याच बाटलीत ग्लिसरिन ५ टक्के असेल तर ते १० ग्रॅम. कातडीत पाणी धरून ठेवायचं काम ग्लिसरिन करतं, ते उडू न देण्याचं काम खनिज तेल, पेट्रोलियम जेली, डायमेथिकोन करतात. ‘दुधाने फरक पडला’ असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा फरक या मंडळींनी पाडलेला असतो, आणि नाव बाटलीच्या पुढच्या बाजूला शेळीचं लागतं.

यादी वाचताना उगाच घाबरू नये असं एक नाव म्हणजे सेटिअरिल अल्कोहोल. हे स्निग्ध, मेणासारखं असतं, झोंबत नाही. झोंबतं ते ‘अल्कोहोल डिनॅट’, ते यादीत वर असेल तर बाटली जागेवर ठेवा. परफ्यूम, लॅव्हेंडर किंवा टी ट्री तेल, मिथाइलआयसोथायझोलिनोन यांपैकी काहीही असेल तरी तेच. यातल्या शेवटच्या रसायनाने इतक्या लोकांना कातडीची अॅलर्जी झाली की युरोपात लावून तसंच ठेवायच्या क्रीम-लोशनमध्ये ते २०१७ पासून बंद आहे. ‘हायपोअॅलर्जेनिक’ आणि ‘डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड’ या शिक्क्यांवर मात्र वेळ घालवू नका, त्यामागे ठरलेला काटेकोर निकष नाही.

आता पुढच्या बाजूचे दावे. सगळ्यात लोकप्रिय दावा म्हणजे ‘शेळीच्या दुधाचा पीएच कातडीइतकाच असतो’. हे सरळ चूक आहे. दुधाचा पीएच ६.५ ते ६.८, निरोगी कातडीचा साधारण ४.५ ते ५.५. पीएचच्या मापात एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. लोशनचा पीएच शेवटी बनवणारा सायट्रिक किंवा लॅक्टिक आम्ल घालून ठरवतो, शेळी नाही. दुधाच्या साबणाची गत याहून वाईट. दूध घाला नाही तर चंदन, साबण तो साबणच, पीएच ९ ते १०. इसबाच्या कातडीला तो नको.

दुसरा दावा लॅक्टिक आम्लाचा. ताज्या दुधात असते ती दुधाची साखर, म्हणजे लॅक्टोज. लॅक्टिक आम्ल दूध आंबल्यावर तयार होतं. काही लोशनमध्ये ते वेगळं घातलेलं असतं आणि जाड, खवलेदार कातडीवर कामही करतं. पण कोपराच्या खोबणीत किंवा गुडघ्यामागे, जिथे कातडी लाल आणि सोललेली आहे, तिथे लावलं की आग होते. लहान मूल लोशनची बाटली दिसताच पळत असेल तर हट्टीपणा समजण्याआधी यादीत लॅक्टिक आम्ल किंवा युरिया आहे का ते पाहा.

मुख्य आक्षेप प्रथिनांचा आहे, आणि तोच बाटलीवर कुठे लिहिलेला नसतो. इसबात कातडीची भिंत फुटकी असते. पुष्कळ रुग्णांत फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाची जन्मजात कमतरता असते. २००६ मध्ये हा संबंध उघड झाला. अशा कातडीतून दुधातलं केसिन आणि इतर प्रथिनं आत शिरतात आणि शरीर त्यांना शत्रू समजायला शिकतं. पोटातून गेलेलं अन्न शरीर सहसा आपलं म्हणून स्वीकारतं, फाटक्या कातडीतून घुसलेलं नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी एक रुग्ण नोंदवला. शेळीचं दूध असलेलं मॉइश्चरायझर इसबावर लावणाऱ्या बाईला पुढे शेळीच्या दुधाचं चीज खाल्ल्यावर जीवघेणी अॅलर्जी झाली. तिथल्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्लाही स्पष्ट आहे: शेळीचं दूध, गाईचं दूध, गहू, ओट्स अशा खाद्यपदार्थांची प्रथिनं असलेली मॉइश्चरायझर इसबावर टाळा. अशा टोकाच्या घटना विरळा आहेत, लोशन लावणाऱ्या बहुतेकांना काहीच होत नाही. पण बाटलीतल्या दुधाचा उपयोग जवळपास शून्य असताना तेवढा धोकाही का पत्करायचा, हा प्रश्न उरतोच.

‘गाईच्या दुधाची अॅलर्जी आहे, म्हणून शेळीचं आणलं’ हे तर अजिबात करू नका. दोन्ही दुधांतली प्रथिनं इतकी सारखी आहेत की गाईच्या दुधाची अॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शेळीचंही चालत नाही. वरचं दूध अजून सुरू न झालेल्या, गालावर लाल चट्टे असलेल्या तान्ह्या बाळाला हे लोशन चोपडणं म्हणजे दुधाची पहिली ओळख तोंडाऐवजी फाटक्या कातडीतून करून देणं.

याच न्यायाने आपल्याकडच्या घाण्यावरच्या शेंगदाणा तेलाचाही विचार करा. शेंगाचटणीच्या गावात हे लिहिणं जिवावर येतं, पण ब्रिटनमधल्या २००३ च्या अभ्यासात बाळाच्या पुरळ आलेल्या कातडीला शेंगदाणा तेल असलेली मलमं लावणं आणि पुढे शेंगदाण्याची अॅलर्जी होणं यांचा संबंध दिसला होता. चटणी भाकरीवर, तेल फोडणीत. इसबावर नाही. मोहरीचं तेलही नको, ते चुरचुरतं.

कच्चं दूध थेट लावायचा घरगुती उपाय तर पूर्णपणे बाद. न उकळलेल्या शेळीच्या दुधात ब्रुसेला हे जंतू असू शकतात आणि ते कातडीच्या जखमेतूनही शरीरात जातात. मग येणारा ताप आठवडेच्या आठवडे हटत नाही.

घरगुती बरणीबद्दल थोडं सविस्तर. ‘केमिकल फ्री’ असं अभिमानाने लिहिलेलं असतं, तिथेच गोम आहे. लोशन म्हणजे पाणी आणि तेल यांचं मिश्रण, त्यात दूध घातलं की जंतूंना जेवण मिळालं. संरक्षक रसायन नसेल तर असं लोशन फ्रिजमध्येसुद्धा काही दिवसांचंच सोबती, आणि स्टॉलवर ते उन्हात दिवसभर उभं असतं. वर रुंद तोंडाची बरणी, म्हणजे प्रत्येक वेळी बोट आत. इसबाच्या कातडीवर स्टॅफिलोकोकस हे जंतू आधीच ठाण मांडून असतात, बोटाबरोबर ते बरणीत जातात आणि दुसऱ्या दिवशी परत कातडीवर येतात. घ्यायचंच असेल तर पंपाची बाटली किंवा ट्यूब घ्या आणि लेबलवर बॅच नंबर, वापरायची शेवटची तारीख आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक बघा. परवाना नसलेल्या बरणीला कितीही सुंदर फीत बांधलेली असो, ती परत ठेवा. ‘इसब मुळापासून बरा’ असं कुठे छापलं असेल तरीही परत ठेवा. सौंदर्यप्रसाधनाला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही.

हाताला कसं लागतं? यात मात्र तक्रार नाही. पातळ असतं, झटकन पसरतं, दोन-तीन मिनिटांत मुरतं, कपड्याला चिकटत नाही. कारण त्यात बहुतांश पाणी आहे, आणि हेच पाणी एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे असताना पंख्याखाली भराभर उडून जातं. मागे उरतो तो पातळ थर दोन-तीन तासांत घामाबरोबर जातो. त्यामुळे लोशनवर भागवायचं तर दिवसातून तीन-चार वेळा लावावं लागतं. पण लोशन म्हणजे हलकं काम, असंही नाही. इंग्लंडमध्ये साडेपाचशे मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांत इसब आटोक्यात ठेवण्याच्या बाबतीत फरक आढळला नाही. जे अंगाला आणि घराला मानवतं आणि रोज लावलं जातं, ते चांगलं. खोट लोशनमध्ये नाही, त्यात दूध आणि वास घालण्यात आहे.

वासाचं म्हणाल तर शेळीच्या स्निग्धाम्लांना एक उग्र दर्प असतो, तो झाकायलाच पुष्कळदा परफ्यूम घातलेलं असतं. पत्र्याच्या घरात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या बाटलीत हा दर्प परत डोकं वर काढतो. पंपातून आधी पाणी आणि मग गोळा येऊ लागला, रंग पिवळसर झाला, आंबूस वास आला, की मिश्रण फाटलं. हलवून पुन्हा वापरायचं नाही, टाकायचं. बाटली सावलीत ठेवा. उन्हाळ्यात फ्रिजच्या दारात ठेवली तर थंड लोशनने खाजही जरा निवते. फ्रीझरमध्ये मात्र नको.

पैशाचा हिशेब सहसा कोणी करत नाही, आणि इसब हटत नाही याचं अर्धं कारण तिथे असतं. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी २० ते ३० ग्रॅम लागतं. दोनदा लावायचं तर आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम. इसब अंगभर असलेल्या मुलांनाही आठवड्याला २५० ग्रॅमपर्यंत सहज लागतं. समजा २०० मिलीची बाटली ४०० रुपयांना पडली, तर आठवड्याला ३०० मिलीप्रमाणे ६०० रुपये, महिन्याला अडीच हजारांच्या घरात. मग काय होतं, तर वाटाण्याएवढं लोशन घेऊन अख्ख्या हातावर ओढलं जातं आणि ‘गुण नाही’ म्हणून दुसरी कंपनी शोधली जाते. एक मोठा हात खांद्यापासून मनगटापर्यंत नीट झाकायला दीड ग्रॅम, एका पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत तीन ग्रॅम हे किमान. तुमचा पंप एका दाबात किती देतो हे बघायला तापाच्या औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण घ्या, पाच दाब त्यात सोडा आणि पाचाने भागा. तेवढ्याच पैशात बिनवासाचं, ग्लिसरिन आणि सेरामाइड (कातडीत मुळात असतो तसला स्निग्ध घटक) किंवा पेट्रोलियम जेली असलेलं क्रीम मोठ्या पॅकमध्ये घेणं शहाणपणाचं. रात्रीसाठी साधी पांढरी पेट्रोलियम जेली, तिच्याइतकं स्वस्त आणि निरुपद्रवी काही नाही.

लावायची रीत कुठल्याही बाटलीला तीच. कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा फेस येत नाही, म्हणून आणखी साबण घासला जातो आणि चुन्याबरोबर त्याची साय कातडीवर बसते. म्हणून साबणाऐवजी पीएच ५.५ च्या आसपासचा, साबण नसलेला क्लिन्झर, तोही काखा, जांघा, पाय एवढ्याच ठिकाणी. पाणी मऊ करणाऱ्या यंत्रावर मात्र इसबासाठी पैसे घालू नका. ३३६ मुलांवर झालेल्या ब्रिटिश चाचणीत, २०११ मध्ये, त्याने इसबात फरक पडला नव्हता. बेसन, उटणं, दगडाने घासणं बंद. आपला सोलापुरी टॉवेल पाणी झटकन टिपतो, तेवढंच काम त्याला द्या. टेकवायचा, घासायचा नाही. कातडी ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, केसांच्या दिशेने वरून खाली हात फिरवत लोशन लावा. गोल गोल चोळलं की केसांच्या मुळाशी साचतं आणि पुळ्या उठतात. डॉक्टरांनी स्टेरॉइड मलम दिलं असेल तर ते आणि लोशन यांत वीस-तीस मिनिटांचं अंतर ठेवा. एकत्र कालवून लावलं तर औषध पातळ होतं आणि नको तिथे पसरतं.

उन्हाळ्यात अंगभर जाड जेली फासली तर घामोळं येतं. दिवसा लोशन, रात्री चट्ट्यांपुरती जेली, असं वाटून घ्या. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार आणि हवा कोरडी, तेव्हा दोन्ही वेळा क्रीम. सोलापुरी चादर सुंदरच, पण तिचं जाड विणकाम इसबाच्या कातडीला खरखरतं, आत जुन्या मऊ सुती साडीचं अस्तर घ्या. आणि एक: पेट्रोलियम जेली किंवा खनिज तेल जिरलेले कपडे चटकन पेट घेतात. लावून लगेच गॅसजवळ किंवा निरांजनाजवळ बसू नका. कपड्यात जिरलेलं हे तेल नुसत्या धुण्याने पूर्ण निघतही नाही.

नवीन बाटली, कुठलीही असो, थेट अंगभर लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे चट्टा नाही अशा ठिकाणी रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस. दुधाची अॅलर्जी तासाभरात गांध्या उठवते, वास आणि संरक्षकांची अॅलर्जी दोन-चार दिवसांनी खाज आणि लाली घेऊन येते. म्हणून एका दिवसाची चाचणी पुरत नाही. दुधाची अॅलर्जी आधीच माहीत असेल तर ही चाचणीही घरी करायची नाही.

शेवटी, तो इसबच आहे ना हे पाहा. कडा उठून दिसणारा, मध्ये निवळत जाणारा गोल चट्टा गजकर्ण असू शकतो, त्याला लोशनही नको आणि कोणाच्या सांगण्यावरून घेतलेली स्टेरॉइडची मिश्र ट्यूब तर नकोच. तिने आधी बरं वाटतं आणि मग चट्टा पसरतो. घरात दोघा-तिघांना एकदम खाज, रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यांत पुरळ, तर खरूज. मधाच्या रंगाची खपली, पू, गरम लागणारी कातडी, म्हणजे जंतुसंसर्ग. आणि इसबावर अचानक एकसारखे, दुखरे, टोचल्यासारखे फोड उठून ताप आला तर तो नागिणीच्या जातीतल्या हर्पीस विषाणूचा हल्ला असू शकतो. त्या दिवशी लोशन नाही, सिव्हिल किंवा जवळचं हॉस्पिटल, त्याच दिवशी.

बाटली घरात येऊन पडलीच असेल तर फेकायची गरज नाही. दुधाची अॅलर्जी नसलेल्या मोठ्या माणसाच्या, भेगा नसलेल्या पोटऱ्यांना आणि कोपरांना लावून संपवा. टाचांना भेगा असतील तर तिथे जेली. आणि ज्या हातांनी हे लोशन लावलं, ते धुतल्याशिवाय इसबवाल्या बाळाला घेऊ नका.